आज पाणी नाई

कस्तुराबाई सरपंच झाल्या खऱ्या, पण मेडशीकडच्या त्या गावात बोलायचं काम त्यांचे मालक जगदेवरावच करत. जगदेवरावांना नाही म्हणता येत नसे. रस्ता, नाली, खांबावरचा दिवा, कोणी काहीही मागो, "झालंच म्हून समजा!" गाव बिचारं समजून घेई.

ऐन वैशाखात नळयोजनेची मोटर जळली. जगदेवराव सकाळी म्हणाले, "संध्याकाळी पाणी." संध्याकाळी म्हणाले, "सकाळी पाणी." मग बायका रिकामे हंडे घेऊन दारात आल्या, तसे ते मागच्या दारानं वावरात सटकले.

शेजारची गोजराबाई सगळ्यांच्या पुढे. "कस्तुरे, खरं सांग. पाणी कधी येईन?"

काहीतरी गोड बोलून हंडे परत पाठवावेत, असं कस्तुराबाईंनाही वाटलं. पण गोजराबाईसमोर ते काही जमेना. त्या उठल्या, तडक ग्रामपंचायतीत गेल्या आणि भोंग्याचा माइक धरला.

"आयका हो! मी कस्तुरा बोलून राह्यली. मोटर वाशीमले दुरुस्तीले गेली. आज पाणी नाई. उद्याबी नाई. परवा येईन असं मिस्तरी म्हणते. आन आमच्या मालकानं न्हाणीमागं चार ड्रम भरून लपवले हायेत. ज्याच्या घरी तान्हं लेकरू असन त्यानं घेऊन जा."

जगदेवराव वावरातून पळत आले तोवर तिसरा ड्रम रिकामा होत होता.

"अवं, घरचं कोणी भोंग्यावर सांगते काय?"

"गावाले ठाऊकच होतं. लपलं असं आपल्यालेच वाटे."

"आन मी आंघोळ कायनं करू?"

"परवा करा."

परवा मोटर आली, बसवली, घुर्र केली आणि धूर सोडून गप्प झाली. जगदेवराव कानाशी लागले, "केबल चोरी गेली म्हण. लोक फाडून खातीन." कस्तुराबाईंनी माइक तोंडाशी ओढला.

"आज पाणी येईन म्हटलं होतं, ते खोटं निघालं. मोटर पुन्हा जळली. मी इथंच बसली हाये, शिव्या द्याच्या असन त या. पण कोणाजवळ जादा मोटर असन त येताना घेऊन या."

लोक आले. गोजराबाईनं पोटभर शिव्या दिल्या, दम लागला तेव्हा तिथलंच पाणी मागितलं, ते नव्हतं म्हणून आणखी दिल्या. कस्तुराबाई मान खाली न घालता ऐकत राहिल्या. तेवढ्यात गर्दीतून एजाजभाई पुढे आले. त्यांची मळ्यातली विहीर आटली होती.

"मोटर फुकटच पडली हाये, बाई. घेऊन जा. पण जळली त मले पैले सांगजा."

"तुमाले पैले, मंग भोंग्यावर," कस्तुराबाई म्हणाल्या.

दिवस मावळता मावळता नळ खोकले आणि पाणी आलं, चहासारखं लाल. जगदेवराव आनंदानं माइककडे धावले, पण बाईंनी तो सोडला नाही. "पाणी आलं, पण गढूळ हाये. प्यासाठी नाई. धुणंभांडं करा." एवढं बोलता बोलता त्यांचा आवाजच बसला.

थोड्या वेळानं गोजराबाई सुंठ-गूळ घेऊन आली आणि त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली, "खाय मुकाट्यानं. उद्या बोलाचं हाये तुले."