तुम्ही पाहिलेल्या रीलमधलं पाणी

मुलांनो, तुम्ही दोघांनी मला लाल बदामांची रांग पाठवलीत आणि लिहिलंत, की आजी, तू फेमस झालीस. मी उत्तर दिलं नाही. फोनवर सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि तुमची आई विषय बदलते. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते आहे. मराठी अडलं तर आईला विचारा. तुम्ही जे पाहिलंत ते खोटं आहे, आणि त्यात दिसणारी बाई मीच आहे.

आपल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. समुद्र जवळ, खारं झिरपतं. तुम्ही सुट्टीत आलात की आम्ही बाटल्या विकत आणायचो. नळ आहे, पण तो कधीमधी येतो, कारण टेकाडावर मुंबईकरांचे शनिवार-रविवारचे बंगले झालेत आणि त्यांच्या पोहण्याच्या तलावांकडे जाणारी लाईन आपल्या आधी भरते.

पूर्वी निवडणूक आली की उमेदवार ओटीवर येऊन बसायचे. त्यांच्यासाठी भाभीने एक युक्ती काढली होती. भाभी म्हणजे आपल्या कुंपणापलीकडची. नवऱ्याचं आयुष्य कुवेतला नोकरीत गेलं, घर तिनेच चालवलं. तिच्या मुलांना मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, म्हणून ती मला बाई म्हणते. तिची युक्ती अशी, की मतं मागायला येईल त्याच्यापुढे विहिरीचं पाणी ठेवायचं. मतदाराच्या घरचं पाणी कोण नाकारणार? तो घोट घेई, तोंड कसनुसं करी, आणि मग आम्ही विचारत असू, बोला, पाण्याचं काय करताय? एकदा एक पुढारी मला म्हणाला, "बाई, साखर तरी घालायचीत." भाभी दारातून म्हणाली, "साखर तुमच्या भाषनात हाय ना, पुरेल ती."

आश्वासनं तेव्हाही पाळली गेली नाहीत. पण देताना ती चव त्यांच्या जिभेवर होती, आणि आम्ही समोर बसलेलो होतो.

यंदा सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि भाभी उभी राहिली. मागणी एकच. गावातल्या नळांना रोज पाणी येईपर्यंत बंगल्यांना नवं कनेक्शन द्यायचं नाही. ती भर उन्हात घरोघर फिरली, गुडघ्याला पट्टा बांधून. समोर मावळत्या सरपंचांची सून होती. ती फारशी फिरली नाही. तिच्यासाठी पनवेलहून एक मुलगी आणि एक कॅमेरावाला आला होता. सुनेला घेऊन ते आपल्याकडेही आले.

मुलगी चुणचुणीत, बोलायला गोड. "आजी, तुम्ही इंग्लिश शिकवायचात ना? मग इंग्लिशमध्येच बोला. बाहेर राहणारी माणसं असलं खूप शेअर करतात."

"मतं तर गावातले देतात," मी म्हटलं.

"आणि गावातल्यांना सांगतं कोण, आजी? मुंबईहून मुलाचा फोन येतो, दुबईहून जावयाचा."

हे तिचं खरं होतं. मी सांगितलं, मला पाण्याबद्दल बोलायचं आहे. "बोला ना, मनात असेल ते बोला," असं म्हणत तिने माझ्या पदराला माईकही अडकवला.

रिवाजाप्रमाणे मी सुनेपुढे विहिरीच्या पाण्याचा पेला धरला. तिने तो ओठांना लावला. घोट घेतला नाही, मी तिच्या गळ्याकडे बघत होते. गोड हसली आणि पेला खाली ठेवला. मग मी वर्गात बोलायची तशी, सावकाश आणि स्वच्छ बोलले. रस्ता झाला, दिवे लागले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पाण्याबद्दल आहे. बंगल्यांना आधी पाणी मिळतं हा अन्याय आहे आणि भाभीची मागणी रास्त आहे. मुलगी मान डोलावत होती. मला वाटलं, चांगलं झालं.

तुम्ही पाहिलंत ते असं, की मी पेला देते, सून तो ओठांना लावून हसते, मागे बासरी वाजते, आणि माझा आवाज इंग्रजीत म्हणतो, माझी काही तक्रार नाही. खाली अक्षरं, 'गावचं गोड पाणी, गावची गोड माणसं.'

भाभीला ती रील तिच्या पुतण्याने कुवेतहून पाठवली. ती फोन घेऊन कुंपणाशी आली.

"बाई, या तुम्हीच ना?"

"मीच. पण पुढचं सगळं कापलंय, भाभी."

"कापलं असंल. मी कुठं न्हाय म्हनते. पन पेला तुमच्याच हातातला हाय."

"आहे."

"आता मी सांगते पानी खारं हाय, तर लोक मला तुमचं तोंड दाखवतात."

मी त्या मुलीला फोन केला. ती चिडली नाही, शांतपणे म्हणाली, "आजी, तुमचा एकही शब्द आम्ही बदललेला नाही. मोठा व्हिडिओ कुणी बघत नाही."

"मग माझ्याकडे आलीसच कशाला?"

"तुमचा चेहरा विश्वासाचा वाटतो."

आयुष्यभर शाळेत उभं राहून तो चेहरा मी कमावला होता. तिला तो एका दुपारी फुकट मिळाला.

मी गावात फिरले. पहिल्याच घरी माझा जुना विद्यार्थी हसून म्हणाला, "बाई, आता शब्द का फिरवताय? भाभीनं दम दिला काय?" मी म्हटलं, अरे, तुझ्या हंड्यातलं पाणी पी आणि सांग. "ते सोडा," तो म्हणाला, "आम्ही डोळ्यांनी पाहिलं ना." मी खुलासा करणारा व्हिडिओही बनवून घेतला. तो कुणी पुढे पाठवला नाही. तुम्हीसुद्धा नाही, मुलांनो, आणि तो मी तुम्हाला पाठवला होता.

भाभी हरली. केवळ माझ्यामुळे हरली असं मी म्हणणार नाही, तेवढी मोठी मी नाही. पण ज्या एका गोष्टीवर ती उभी होती, ती तिच्या पायाखालून माझ्या आवाजात काढून घेतली गेली. निकालानंतर बंगल्यांच्या नव्या कनेक्शनांसाठी आपल्याच कुंपणालगत चर खणला गेला. ईदचा शीरखुर्मा भाभी दरवर्षी स्वतः आणायची. यंदा मुलाबरोबर पाठवला.

पहिल्या ग्रामसभेला मी गेले. माणसं थोडी, खुर्च्याच जास्त. मी उभी राहिले आणि कापलेलं सगळं मराठीत बोलले. नव्या सरपंचबाई फोनमध्ये बघत होत्या. ग्रामसेवकांनी विचारलं, गावाच्या नळांना आधी पाणी, हा ठराव कोण मांडतं? मी म्हटलं, मी. अनुमोदन कोण देतं? मागून आवाज आला, "मी हाय." भाभी होती. ती पुढे आली, इतक्या रिकाम्या खुर्च्या सोडून माझ्या शेजारी बसली, आणि सभा संपेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

ठराव नामंजूर झाला. पुढच्या सभेला तो पुन्हा मांडला, तोही पडला. ग्रामसभा अजून भरते. मी ठराव मांडते आणि भाभी त्याला अनुमोदन देते.