आठची रिंग

वरकुट्याच्या आमच्या वस्तीवर तेव्हा फोन एकच, आणि तोही समोरच्या तात्यांकडे. कुणाचा फोन आला की तात्या ओट्यावर उभे राहून त्याला हाक मारत. नुसती हाक मारली असती तर माझी काही तक्रार नव्हती, पण हाकेतच ते सगळा मजकूर सांगून टाकत. "अरं ये लवकर, तुज्या मेव्हणीचं लगीन मोडलंय!" माणूस फोनपर्यंत पोचायच्या आत अर्धी वस्ती हळहळून मोकळी झालेली असे.

अशा माणसाच्या समोरच्या घरात माझ्या दादाचं गुपित सांभाळायचं होतं. दादाला एचआयव्ही निघाला होता. कसा, हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. ठाऊक होतं ते फक्त वहिनीला आणि मला. वस्तीला कळलं असतं तर डेअरीनं आमचं दूधसुद्धा घेतलं नसतं, इतकी तेव्हा त्या रोगाची धास्ती. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या देताना बजावलं होतं, सकाळी आठ आणि रात्री आठ, जन्मभर. चुकवत गेलात तर पुढे हीच गोळी लागू पडणार नाही.

सकाळची गोळी वहिनी डोळ्यांदेखत घ्यायला लावी. घोळ होता तो रात्रीच्या गोळीचा. संध्याकाळी दादा तात्यांच्या ओट्यावर बसे आणि गप्पा रंगल्या की त्याला तहानभूक कळत नसे, गोळी कुठली आठवायला! वहिनीनं दोनदा हाक मारून पाहिली. मंडळींनी 'बायकोचा हुकूम आला' म्हणून त्याला इतकं चिडवलं की तिसऱ्यांदा तो मुद्दाम उठला नाही. जीव त्याचा आणि लाज ओट्याची. मला असा संताप आला होता!

मी बारामतीहून गजराचं डिजिटल घड्याळ आणून त्याच्या मनगटावर बांधलं. पहिल्याच रात्री ते ओट्यावर वाजलं आणि जो तो ते हातात घेऊन बटणं दाबू लागला. परत आलं तेव्हा त्यात पहाटेचे अडीच झाले होते आणि गजर वाटेल तेव्हा वाजत होता. एकदा तर मयतीला वाजला. दादानं ते काढून खुंटीला अडकवलं.

मग मला फोन सुचला. मी बारामतीच्याच एमआयडीसीत कामाला होतो, राहायलाही तिथंच, आणि गेटसमोर एसटीडी बूथ होता. रोज आठला तात्यांचा नंबर लावायचा, दोन रिंगा ऐकायच्या आणि ठेवून द्यायचा. ओट्यावर रिंग ऐकू आली की दादानं "चला, जेवायची वेळ झाली" म्हणत उठायचं. बेत नामी होता. पण रिंग वाजली रे वाजली की तात्या झेप घेत. "हॅलो! कोन हाय? बोल की, तोंड शिवलंय का?" मी गप्प. मग ते माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत. लाइनमनला बोलावून त्यांनी फोन उघडायला लावला. त्यानं आत फुंकर मारली, 'कचरा होता' म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

इकडे बूथवाल्याला माझी दया येई. रोज ठरल्या वेळी येऊन न बोलता फोन ठेवणारा माणूस प्रेमात पडलेला असणार, यात त्याला शंका नव्हती. "एकदा बोलून टाका हो," तो म्हणे, "फार तर न्हाय म्हनंल."

काही महिन्यांनी तात्यांनी फोन उचलणं सोडलं. दमले असतील म्हणून मी खूश झालो.

आणि मग कुणाच्या तरी पाइपलाइनच्या चरात केबल तुटली. फोन लागेना. दुसऱ्या दिवशीही लागेना. माझी झोप उडाली. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मित्राची मोटरसायकल काढली आणि निमगाव केतकीच्या बाजाराच्या गर्दीत अडकून, दिसेल त्याच्यावर ओरडत, कसाबसा आठच्या सुमारास वस्तीवर पोचलो.

ओटा भरलेला होता. दादा रंगात येऊन कुणाच्या तरी पळून गेलेल्या बोकडाची हकिगत सांगत होता. मी हाक मारणार, तेवढ्यात तात्या उठून आत गेले आणि बाहेर येऊन ओरडले, "ऊठ रं, फोन वाजला!"

"तात्या, लाईन परवापास्नं मेलीय," एकजण हसला. "कान वाजत्यात तुमचं."

"फोन माजा हाय. वाजला म्हनलं म्हंजी वाजला!"

दादा मुकाट उठून घरात गेला. परवाही आणि कालही तो असाच उठला होता, हे मला वहिनीकडून नंतर कळलं.

तात्यांना मी अंधारात उभा दिसलो. ते ओटा उतरून माझ्याजवळ आले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले.

"तुजी रिंग झाली की वहिनी पान्याचा तांब्या आन् गोळी घिऊन दारात हुबी ऱ्हाती. मला डोळं हायती. कशाची गोळी हाय ते मी इचारलं न्हाय, इचारनार बी न्हाय. तू कामावर खाडा करू नगंस. लाईन असू दे न्हायतर नसू दे, त्याला आठला उठवायचं माज्याकडं लागलं."

मी तिथंच गाडीला टेकून लहान पोरासारखा रडू लागलो.

"आता रडून वस्ती गोळा करतोस व्हय?" तात्या दबक्या आवाजात खेकसले आणि मला दंडाला धरून घरात ढकललं.