आभार मानायला गेले होते

माघातल्या एका सकाळी चहापत्ती आणि साखरेची पिशवी घेऊन मी डोंबिवलीहून कर्जतला निघाले. काय न्यावं याचा आठवडाभर घोळ घातला होता. गेलेल्या माणसापायी पेढे नेतात का कुठं? साडीही नको वाटली. शेवटी चहा-साखर घेतली, ती कुणाच्याही घरी चालते.

आमचे हे आषाढात खालापूरजवळच्या एका शेतात वारले. भटकायची हौस फार, एकटेच गेले होते. निघताना आमचं चांगलंच वाजलं होतं. रक्तदाबापायी मी वर्षभर अळणी रांधत होते. त्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं आणि चपला घातल्या. मीही तोऱ्यात ‘जा’ म्हटलं. पुन्हा बोलणं झालंच नाही. संध्याकाळी मुलगा त्यांना घेऊन आला. तेव्हापासून मला एकच गोष्ट छळते आहे: शेवटच्या घटकेला जवळ कुणी होतं का, आणि रागातच गेले का? ज्यांच्या शेतात गेले त्यांचे आभार मानायचे होतेच, पण खरं तर मला एवढंच विचारायचं होतं.

कर्जत स्टेशनाबाहेर वडापाव घेतला. दोन घास खाल्ले आणि कागदात गुंडाळून ठेवला. रिक्षावाल्याला मुलानं लिहून दिलेलं गावाचं नाव दाखवलं, तर म्हणाला, “प्लॉट बघायचाय ना मावशी? बसा, बरोब्बर सोडतो.”

वाटेत दोन्हीकडं वालाची शेतं होती, हिरवीगार. मधूनमधून बंगल्यांच्या जाहिरातींचे फलक. मला त्या हिरव्याचाही राग आला. भात कापून झाला, नवं पीक उभंही राहिलं! आणि त्या शहाण्यानं मला खरंच एका प्लॉटच्या फाटकाशी उतरवलं. आतून एक जण नकाशा घेऊन धावत आला. त्याला हात जोडले आणि उन्हातून अर्धा तास उलट्या दिशेनं चालत गावात आले.

पहिल्याच घराच्या ओटीवर एक बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. वर न बघताच म्हणाली, “जमीन इकायची नाय हाय, ताई.”

“जमीन नको हो. आषाढात इथं एक गृहस्थ गेले...”

तिचे हात थांबले. “बसा. पानी घ्या आदी. आमच्याच बांदावर गेले ते. त्यांनापन मी हेच बोलली होती बगा. लावनी चालली होती, म्हटलं आला प्लॉटवाला! तर हसायलाच लागले. म्हनले, मला नुसती लावनी बगू द्या.” मग माझ्याकडं नीट बघत म्हणाली, “तुमी त्यांची भैन का?”

मी होकारार्थी मान हलवली. बायको म्हणायला तोंड उघडेना.

बाईचं नाव हिराबाई. ती सांगत राहिली. “आमी जेवायला बसलो तवा त्यांना हाक मारली. भाकरी आनि सुकट. आनखी एक भाकरी मागून घेतली. बायकोचा लई धाक हो त्यांना! ‘घरी कळलं तर माझं काही खरं नाही,’ म्हनले, आनि पोट धरून हसले. मंग तिथंच आडवे झाले. आमाला वाटलं, डोळा लागला.”

सुकट! रक्तदाबाच्या माणसाला वाळवलेली खारट कोळंबी! तेव्हा कळलं असतं तर या बाईला मी फाडून खाल्लं असतं. आता नुसतं विचारलं, “मग?”

“मंग काय? तुमचा भाचा येईपरयंत चार वाजले. मयत गावात हाय तवर आमच्यात चूल पेटत नाय. लावनीपन थांबली. बायका भोवती बसून माश्या वारत होत्या.”

“आणि मुलांना काय दिलंत?”

“भिजवलेलं पोहे. एक दिस काय होतंय?”

ऐन लावणीत अख्खं गाव एका परक्या माणसासाठी चुली विझवून बसलं होतं. आमच्या इमारतीत मात्र त्यांना खाली आणून ठेवलं होतं, तेव्हा पहिल्या मजल्यावरून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

“फार उपकार झाले तुमचे,” हे घोकून आणलेलं वाक्य मी म्हटलं, आणि रडूच फुटलं. हिराबाईनं मला रडू दिलं. मग चहा-साखर ठेवून घेतली आणि त्याच पिशवीत वालाच्या शेंगा भरल्या. रस्त्यापर्यंत सोडायला आली.

“त्यांच्या बायकोला सांगा वो,” ती म्हणाली, “आमच्या दारातून मानूस उपाशी नाय गेला.”

“सांगते.”

संध्याकाळी कुलूप काढून घरात आले, दिवा न लावता बसून राहिले. हिराबाईला मी जन्मभर दुवा देईन. माझ्या माणसाला तिनं पोटभर जेवू घातलं, पोटभर हसवलं. तिच्या दारातून तो उपाशी गेला नाही. माझ्या दारातून गेला होता.