आधी नारळ, मग तपासणी

संगणकाची कार्यप्रणाली बदलणं हा कोणत्याही संस्थेच्या आयुष्यातला ऐतिहासिक क्षण असतो. हे वाक्य उधव्याच्या आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी फ्लेक्सवर छापून घेतलं होतं. फ्लेक्स लागला तेव्हा आमच्या संगणकाला नवी प्रणाली झेपेल का, हे कुणीच पाहिलं नव्हतं. ते काम चिटणीस म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

मला काळजी होती प्रिंटरची. पाड्यांवरच्या बाया त्याच्यावर सातबारा, दाखले काढून नेतात. तो बंद पडला तर एका कागदासाठी तलासरीची जीप, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. नव्या प्रणालीवर तो चालेल का, हे मॉडेल नंबरावरून कळतं. नंबर असतो प्रिंटरच्या पाठीवरच्या लेबलवर, आणि तिथेच दर दसऱ्याला आम्ही हळदकुंकवाचं स्वस्तिक काढतो. ओल्या फडक्याने ते पुसलं, तर खालचा नंबरही गेला.

"पूजेची वस्तू पुसता, चिटणीस?" अध्यक्ष म्हणाले.

"नंबर हवा होता."

"मिळाला?"

"नाही."

"मग कशाला पुसलंत? पाहुण्यांना तारीख दिलीय, नारळ आणलाय."

"अहो, आधी तपासू, मग फोडू."

"आमच्या लग्नात पत्रिका बघितली नव्हती. अडलं काही?"

त्यांच्या बायको, आमच्या काकू, घरी होत्या, म्हणून हे बोलता आलं.

निदान संगणक तरी तपासावा म्हणून, नवी प्रणाली बसेल का हे सांगणारी चाचणी मी त्याच्यावर चालवली. लाल फुली आली: प्रोसेसर जुना, नवी प्रणाली बसणार नाही. अध्यक्षांना बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"इंग्रजीत आहे ना? मग असू दे. कोण वाचतंय?"

डहाणूहून पाहुणे आले. नारळ फुटला, पाहुण्यांनी बटण दाबलं, पडद्यावर तीच लाल फुली आली. टाळ्या पडल्या. वाचनालयाने नव्या युगात पाऊल ठेवल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. मी फुलीकडे बोट दाखवलं, तर फोटोवाला म्हणाला, "काका, हात खाली घ्या."

प्रणाली जुनीच राहिली, म्हणून प्रिंटर वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पहिला कागद निघाला तो नवी प्रणाली यशस्वीपणे बसवल्याबद्दल अध्यक्षांना द्यायच्या सन्मानपत्राचा. रांगेतल्या बाईचा सातबारा त्यानंतर.