लिक्विड कूलर नको, बिलावरचा प्रोसेसर द्या

मुलीच्या नव्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर लॉक्ड आहे, हे आज दुपारी दादरच्या दुकानातल्या टेक्निशियननेच मान्य केलं. म्हणजे त्याचा वेग वाढवता येणार नाही. ॲनिमेशनच्या कामासाठी तिने अनलॉक्ड, नावाच्या शेवटी K असलेला मागितला होता. बिलावर तोच लिहिलाय.

मालक म्हणाले, "ताई, भारीतला लिक्विड कूलर लावा, प्रोसेसर थंड राहिला की बघा कसा पळतो."

मुलगी म्हणाली, "काका, टांग्याला एसी बसवला म्हणून टांग्याची टॅक्सी होते का?"

मालक हसले, आम्ही नाही हसलो. लेखी पोच घेऊन कॉम्प्युटर तिथेच ठेवला. सोमवारी तिचं पहिलं काम सुरू होतंय. योग्य प्रोसेसर मिळाला, तर मोठ्या पंख्याचा साधा कूलरही तिला पुरेल.

तुम्ही प्रोसेसरच्या डब्यावरचं नाव बिलाशी ताडून बघता का? आम्ही बघितलं नव्हतं. उद्या अकराला दुकान उघडेल, तेव्हा आम्ही दारात असू.