मिनी अंगणवाडीची शामकला

देवरीच्या पलीकडे, डांबरी सडक संपते तिथल्या टोलीवर, लहानशा वस्तीत, शामकलाची अंगणवाडी. दारावरच्या पाटीवर लिहिलेलं, मिनी अंगणवाडी. मिनी म्हणजे लहान, एवढं इंग्रजी टोलीतल्या शेळ्या राखणारीलाही येतं. पण देवरीची मिनी बस बघा. लहान असली तरी तिला ड्रायव्हर वेगळा आणि कंडक्टर वेगळा. शामकलाच्या मिनीत पोरं तेवढी थोडी, बाकी सगळं पुरं. हापशीवरून पाणी आणा, झाडा, खिचडी शिजवा, पोरांची वजनं करा, गाणी म्हणा, नाकं पुसा. मोठ्या गावाच्या अंगणवाडीत हाताखाली मदतनीस असते, मिनीला नसते. लहान काय झालं, तर बाईचा आराम.

गुडघे गेले तिचे. खाली बसली की उठताना भिंतीला विचारून उठायची.

मग वरून हुकूम आला, आता मिनी नाही, सगळ्या पुऱ्या अंगणवाड्या. पेंटर आला, त्यानं 'मिनी'वर रंग फिरवला. सुपरवायझर मॅडम उभ्याच होत्या.

"मॅडम, मदतनीस कवा येते मंग?"

"येईल ना बाई. प्रक्रिया सुरू आहे."

रंग पातळ होता. आषाढात पाटी भिजून भिजून 'मिनी' परत वर आली. मदतनीस काही आली नाही.

त्यात रोवणा लागला. धान रोवायला बाया सकाळीच बांधीत, भाताच्या खाचरात, उतरायच्या. अंगणवाडी दुपारी सुटते, पण आया येणार दिवेलागणीला. तोवर पोरं कोणाच्या गळ्यात? शामकलाच्याच. एक दिवस तिनं रोवणाऱ्या टोळीची म्होरकी पुष्पांजली हिला दारातच गाठलं.

"मी सोडून राहिली व हे काम. उद्यापासून आपापले लेकरं बांधीत न्या."

"काऊन व? रागावली का?"

"रागवाले बी अंगात जोर लागते, बाई."

पुष्पांजली बांधीकडं बघू लागली. बांधीत गुडघाभर पाणी, कडेच्या धुऱ्यावर साप. लेकरं ठेवायची कुठं?

त्यांच्या टोळीचा एक रिवाज होता. टोळीतली एखादी पोटुशी असली की ती धुऱ्यावर बसून नुसत्या रोपांच्या पेंढ्या सोडायची, पण मजुरीच्या वाटणीत तिला पुरी बाई म्हणूनच धरायचे. दुसऱ्या दिवशी पुष्पांजली कलाबाईला घेऊन आली. म्हातारीची कंबर आता रोवण्याला वाकत नव्हती.

"हे घे तुयी मदतनीस. हे आमच्या टोळीतच हाय. धुऱ्यावर बसाच्या जागी तुयापाशी बसन."

"मले का येते व इथलं?" कलाबाई कुरकुरली.

"झोपवाले तं येते?"

कलाबाईनं हापशीवरून पितळी गुंड भरून पाणी आणलं, अर्धं वाटेत सांडलं. वर पाटीकडं बोट करून म्हणाली, "मिनी कायची व? माया घरापेक्षा मोठी हाय."

खिचडी झाली, पोरं आडवी झाली. झोपवणारी पोरांच्या आधीच घोरायला लागली. एकाचा पाय तिच्या पोटावर, दुसरीच्या मुठीत तिचा पदर. शामकलाला वाटलं, झालं, सांभाळायला आणखी एक आली. मग ध्यानात आलं, कोणी रडत नाही. तिनं भांडी तशीच ठेवली, भिंतीला टेकून पाय लांब केले.

सांजेला पुष्पांजली चिखलाच्या पायांनी दारात उभी राहिली. "मंग? सोडतं का काम?"

"उद्या सांगीन," शामकला म्हणाली. "आज बसली हाय."