बेल्टला तेल चालत नाही

जुनी गाडी घेतली की कोल्हापुरात सल्ला फुकट मिळतो. त्यात ती दोन दरवाज्यांची, लाल आणि जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी असली, तर लोक रस्त्यात थांबवून सल्ला देतात. "पावणं, ही हितल्या रस्त्याची न्हवं," असं पहिल्याच दिवशी पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसानं मला ऐकवलं आणि वर टायरला लाथ घालून हवा तपासली.

मी तेव्हा वारणानगरला कॉलेजात इतिहास शिकवत होतो. गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ही गाडी एका कारखानदाराच्या मुलानं हौसेनं आणून मनसोक्त पळवली होती. मीटरवर दीड लाखाच्या वर किलोमीटर झालेले, म्हणून कुणी घेईना आणि म्हणूनच ती माझ्या आवाक्यात आली. घेतली मात्र आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्यांनी एका साहेबांची गाडी चालवली. पन्हाळ्याचा घाट ते शेकडो वेळा चढले, पण मागे साहेब झोपलेले असायचे, म्हणून काटा कधी चाळिसाच्या वर गेला नाही. तो घाट एकदा आपल्या मर्जीनं चढायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात माझ्याजवळ बोलून दाखवली. आणि आता साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. आहे ती नजर लेसरनं थोडी टिकेल, पण किती दिवस ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

त्यामुळे मला घाई होती. आप्पांना नव्हती. "गाडी तपासल्याबिगर मी स्टेअरिंगला हात लावत न्हाय," त्यांनी सांगून टाकलं. ड्रायव्हरचा जन्म गेला तरी शिस्त जात नाही. मला राग आला, पण गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजांच्या वस्तीत गेलो.

तिथला मिस्त्री माझ्याच वयाचा होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि पाण्याचे पाइप बोटांनी दाबून बघितले. मग म्हणाला, "सर, मीटर बघू नगा, रबर बघा. लोखंड दम काढतंय, रबर न्हाय काढत." इंजिनाचं तेल, गिअरचं तेल, ब्रेकचं तेल, पाण्याचे पाइप, पाण्याचा पंप, सगळं बदला म्हणाला. सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट. हा रबरी दातांचा पट्टा इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाला एका तालात ठेवतो. तो तुटला किंवा दात सरकला, तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतात आणि इंजिन आतून मोडतं. मुंबईहून सामान यायला महिना लागला. बेल्ट बसवल्यावर त्यानं मला वाकून आत बघायला लावलं. बेल्टवरचं झाकण खालच्या बाजूला फुटलेलं होतं आणि नवीन कुठं मिळत नव्हतं. "झाकण मिळस्तोवर इंजिनाला पाण्याचा फवारा न्हाय आणि तेल तर न्हायच न्हाय. बेल्टला तेल चालत न्हाय." मला एवढं तरी कळलं होतं.

पंधरा दिवसांनी आप्पा म्हणाले, "पावसाळा तोंडावर आलाय. गाडी धुऊन खालनं ऑइल मारून घेऊया."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. जीप असो, ट्रक असो, पावसाळ्याआधी गाडी वर चढवायची आणि इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फवाऱ्यानं खालून मारायचं, म्हणजे पत्रा सडत नाही. मी म्हणालो, "आप्पा, मिस्त्री नको म्हणालाय."

"तीस वर्सं मारलंय मी. एका गाडीचा पत्रा सडला न्हाय. त्याचं वय काय, माझी सर्व्हिस काय!"

तिथं मी ठाम राहायला हवं होतं. पण त्या दिवसांत रात्रीच्या मंद उजेडात जेवताना आई त्यांचा हात धरून भाजी कुठल्या बाजूला आहे ते दाखवायची आणि ते काही न बोलता जेवायचे. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी कुणाला तरी काही करायला सांगितलं होतं. सर्व्हिस स्टेशनवर ते गाडीखाली उभे राहिले, पत्र्यावरून हात फिरवत, "हितं मार, वर मार, इंजिनाकडं सोडू नगंस," असं त्या फवारेवाल्याला दरडावत. मी बाजूला गप्प उभा होतो. माहीत असून गप्प बसणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

आप्पांचा हुकूम होता, "पाचशे किलोमीटर तू चालीव, मी आवाज ऐकतो, मग घाट." म्हणून डोळे दाखवायला कोल्हापूरला आम्ही त्याच गाडीनं जायला लागलो. पावसाळा सरता सरता एकदा परत येताना, पेठ वडगावच्या अलीकडे, पुढून करकर असा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. मी किल्ली फिरवणार तोच आप्पांनी माझं मनगट धरलं. "नगं. व्हॉल गेलं."

उसाच्या मोकळ्या ट्रॉलीमागे दोर बांधून गाडी ओढत नेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं झाकण काढलं. बेल्ट फुगला होता, दात झिजून गेले होते आणि सगळीकडे जळक्या ऑइलचा वास होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. "तेल कुणी मारलं?"

आप्पा दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांना ऐकू छान यायचं.

"मी," मी म्हणालो.

आप्पा स्टुलावरून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. व्हॉल्व्ह मिळवायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी मुंबईला इतके फोन केले की दुकानदार माझा आवाज ऐकूनच "अजून नाही" म्हणायचा. आणि इकडे आप्पांना आधी पेपर वाचता येईना, मग घड्याळ दिसेना, मग ते माणसं आवाजावरून ओळखू लागले. मला दोन्हीकडे नुसतं थांबून राहणं जमत होतं, दुसरं काही नाही.

गाडी आली तेव्हा घाटाचा विषय कुणी काढला नाही. आमच्या कॉलनीमागे ऊसगाड्या उभ्या करायचं मोठं मैदान होतं. हंगाम संपल्यामुळे ते मोकळं पडलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, आधी इथं एक फेरी मारा." ते बसले. सीट पुढं ओढली, आरसा हातानं चाचपून सरळ केला, क्लच दाबून गिअर टाकला. गिअर पडल्याचं कळलंसुद्धा नाही, इतका हलका हात. मी शेजारी बसलो होतो.

मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्होरं रिकामं हाय न्हवं?"

समोर दहा-बारा पावलांवर आई उभी होती. नवऱ्याला स्वतःची म्हणून गाडी चालवताना बघायला ती मुद्दाम आली होती, डोक्यावर पदर घेऊन, हसत. माझा हात हँडब्रेकवर गेला.

गाडी हलत नाही असं बघून तीच ओरडली, "अवो, हाना की! मी हितं म्होरंच हाय, दिसत न्हाय व्हय?"

"दिसतीस की," आप्पा म्हणाले आणि गाडी बंद करून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.